पावसाचे पत्ते

ग्यानबाच्या मांडीवरचा खोका नागपूरपासून रिठदपर्यंत एकदाही खाली टेकला नाही. वाशीमला मोटार बदलली, तेव्हा दोन पिशव्या, वळकटी आणि आईसाठी घेतलेलं लुगडं, सगळं कस्तुरानं एकटीनं उतरवलं आणि एकटीनं चढवलं. नवरा आपला खोका छातीशी धरून बाजूला उभा! शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं "काय हाये भाऊ?" म्हणत झाकणाला नुसतं बोट लावलं, तर ग्यानबानं असे डोळे वटारले की बिचारा उतरेपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला.

"असे कायचे हिरे भरले त्याच्यात?" कस्तुरानं शेवटी विचारलंच.

"पोग्राम हाये."

"मंग थो कचेरीत ठेवता नाई येत?"

"कचेरीत जगदेवाचे दोस्त हायेत," ग्यानबा म्हणाला आणि खोका आणखी आवळून धरला.

हा जगदेव म्हणजे ग्यानबाचा साडू. कस्तुराच्या धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा नवरा. आणि गंमत अशी की हे संकट ग्यानबानं स्वतःच्या हातानं घरात आणलं होतं. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत ग्यानबा कॉम्प्युटरवर होता. विदर्भातल्या सगळ्या तालुक्यांत किती पाऊस पडला, याचे तक्ते त्या मशीनवर निघत. जगदेव बी. एस्सी. होऊन रिकामा फिरत होता, तेव्हा साहेबाच्या हातापाया पडून त्याला त्याच कचेरीत चिकटवला तो ग्यानबानं. वच्छलासाठी त्याचं स्थळ सुचवलं तेही ग्यानबानं. आता रोज सकाळी आपण लावलेलं हे झाड आपल्यापेक्षा उंच होताना बघायचं, याला काय म्हणावं? ग्यानबा याला "जगदेवाचा माज" म्हणायचा. खरं तर तो ग्यानबाचा हेवा होता, पण हेवा करणाऱ्याला कधी कळतं का ते!

भांडणाचं मूळ साधं होतं. मशीनशी बोलायची भाषा एकच, कोबोल. ग्यानबा तिच्यात पोग्राम लिहायचा तो पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर. एका ओळीला एक पत्ता, आणि ओळीतलं अक्षर न् अक्षर म्हणजे त्या पत्त्याला पाडलेली भोकं. पत्त्यांची थप्पी मशीनच्या तोंडात द्यायची आणि संध्याकाळपर्यंत वाट बघायची. कुठं चूक असली की मशीन पहिल्याच चुकीशी अडून बसायचं, पुढचं काही सांगायचं नाही. ती सुधारून दुसऱ्या दिवशी थप्पी परत द्यावी, तर दुसरी चूक. ग्यानबाला यात काही गैर वाटत नव्हतं. लग्न झाल्यापासून कस्तुरा त्याला रोज एक चूक सांगायची आणि संसार चाललाच होता.

त्या वर्षी, म्हणजे इमर्जन्सी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, कचेरीत नवी औजारं आली. भाषा तीच, पण पत्त्यांच्या जागी सिनेमासारखा पडदा. ओळ पडद्यावर उमटायची आणि चुकली तर तिथल्या तिथं पुसता यायची. वर कोबोल मशीनला समजावून देणारा नवा दुभाषा सगळ्या चुका एकदमच, कोणत्या ओळीत कोणती, अशा सांगून मोकळा व्हायचा. ही औजारं शिकायला साहेबांनी मुंबईला कोणाला धाडलं? जगदेवाला. ग्यानबाला नाही.

तेव्हापासून ग्यानबानं साहेबांचं डोकं खाल्लं होतं. पत्ता हातात धरता येतो, पडद्यावरचं धरता येतं का? वीज गेली तर पडद्यावरचा पोग्राम कुठं जातो? शेवटी साहेबच कंटाळले. म्हणाले, दसऱ्याची सुटी संपली की दोघांनी आपापल्या औजारानं पावसाचा तक्ता काढून दाखवा. ज्याचं औजार सरस ठरेल ते कचेरी घेईल आणि त्याचाच माणूस विभागाचा हेड होईल.

म्हणून तो खोका. त्यात पाऊस-तक्त्याचा अख्खा पोग्राम होता, पाचेकशे पत्ते. थप्पीच्या वरच्या कडेवर ग्यानबानं पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढली होती. पत्ते मागेपुढे झाले तर रेघ तुटायची, जुळवले की जुळायची. जगदेवाच्या हाताखाली जायचं की जगदेवाला हाताखाली घ्यायचं, हे आता त्या खोक्यावर होतं.

रिठदला सासऱ्याच्या अंगणात पाऊल टाकलं, तर बाजेवर जगदेव! आदल्या दिवशीच येऊन, पाय धुऊन, पुरणपोळीवर तूप ओतून घेत बसला होता. सासूबाई सोजरबाई स्वतः तुपाची वाटी घेऊन उभ्या.

"या या, मोठे जवाई," सोजरबाई म्हणाल्या, "लहाने जवाई सांगून राह्यले, कचेरीत आता टाकीजसारखं यंत्र आलं म्हने! अन् थे यंत्र याईच्या बोटावर चालते!"

"चालते ना," ग्यानबा म्हणाला, "वीज हाये तोवर."

"दादा, थकले असान. आणा थो खोका इकडं," जगदेव उठून पुढं झाला.

"राहू दे! हात नको लावू!" ग्यानबा इतक्या जोरात ओरडला की गोठ्यातली गाय उभी राहिली.

सासरे पुंजाजी ओसरीवर बसून सुतळी वळत होते. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की नेमकं दुखऱ्या जागी. जेवणं झाल्यावर त्यांनी दोन्ही जावयांकडून सगळं नीट समजून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे वावर तेच, पीक तेच, फक्त वखर नवा. मंग भांडन कायचं हाये? चालवून पाहा अन् बरा असन तं घ्या."

"तसं नाई, मामाजी," ग्यानबा म्हणाला. "जुन्या वखराले आपला हात बसला असते."

"हात बसला असते का बुड बसलं असते?" पुंजाजींनी विचारलं आणि पुन्हा सुतळी वळायला लागले. वच्छला पदरात तोंड लपवून हसली. ते कस्तुरानं बघितलं आणि ग्यानबानं कस्तुराला बघताना बघितलं. रात्रभर दोघांनाही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पुंजाजींच्या घरची रीत अशी की त्या दिवशी घरातला प्रत्येक कमावता माणूस आपलं औजार पूजेला मांडतो. वखराची पास, तिफण, विळे, खुरपी, पाटा-वरवंटासुद्धा. ओसरीत सडा टाकून, रांगोळी काढून सगळी औजारं ओळीनं मांडली. ग्यानबानं पहाटेच आंघोळ करून आपला खोका अगदी मधोमध, वखराच्याही पुढं नेऊन ठेवला. आज गाव बघेल, असं त्याला वाटत होतं. जगदेवाजवळ मांडायला होतं काय? त्याचं औजार नागपूरला!

"लहाने जवाई, तुमचं औजार?" सोजरबाईंनी हळद-कुंकवाचं ताट हातात घेत विचारलं.

जगदेवानं जरा विचार केला आणि दोन्ही हात पुढं केले. "मामी, माह्यं औजार म्हंजे हे दहा बोटं. याईनंच चालते माह्यं सारं."

झालं! सोजरबाईंचे डोळेच भरून आले. "पाहा माय, कसं सोन्यासारखं बोलले!" म्हणत त्यांनी जगदेवाच्या दहाही बोटांना हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वरून ओवाळलं. शेजारच्या दुर्गाबाई आणि चंपाबाई पूजा बघायला आल्या होत्या, त्याही पुढं होऊन बोटं बघू लागल्या. आणि ग्यानबाच्या खोक्याला? झाकणावर कुंकवाचं एक बोट. बस. तेही तिफणीला लावता लावता उरलेलं.

एवढी वर्षं या घरचा मोठा जावई म्हणून मिरवला, आणि आज दहा बोटांपुढं त्याचा अख्खा पोग्राम फिका!

"मामी," तो म्हणाला, "त्याच्या दहा बोटाले दहा टिके, अन् माह्या औजाराले एकच?"

"अवो, एकच तं खोका हाये तुमचा."

"खोका एक हाये. औजार पाचशे हायेत!" आणि ज्या झाकणाला नागपूरपासून कोणाला बोट लावू दिलं नव्हतं, ते त्यानं सगळ्यांसमक्ष स्वतःच्या हातानं उघडलं.

बायका वाकून बघायला लागल्या. भोकाभोकांचे, एकसारखे, गुळगुळीत पत्ते बघून दुर्गाबाईंनी गालाला हात लावला. "काय असते वो याच्यात?"

"पाऊस," कस्तुरा पटकन म्हणाली. नवऱ्याच्या बाजूनं बोलायची संधी तिला बऱ्याच दिवसांनी मिळाली होती. "साऱ्या तालुक्याचा पाऊस याच पत्त्याईत असते. आमच्या ह्याईच्या हातात."

मग काय विचारता! पाऊस ज्याच्यात आहे, त्याला कोरडं कसं सोडायचं? सोजरबाईंनी ताटात पाणी घालून हळद-कुंकू कालवलं, तिघीचौघी गोल करून बसल्या आणि एकेका पत्त्याला बोट लावत सुटल्या. ग्यानबा शेजारी उभा राहून "क्रमानं, क्रमानं" म्हणत होता, पण त्याचं अर्धं लक्ष जगदेवाकडं. जगदेव दहा रंगलेली बोटं हवेत धरून कोपऱ्यात एकटाच बसला होता. त्याच्याकडं कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. हा आनंद ग्यानबाला इतका गोड लागला की पत्ते ओले होतायत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं तेव्हा पाचशेही पत्त्यांना हळदी-कुंकवाचं ओलं बोट लागलेलं होतं.

"वाळतीन ना," कस्तुरा म्हणाली. "पापड नाई वाळत?"

तर दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, अंगणात दोन बाजा टाकून त्यावर पाऊस-तक्त्याचा पोग्राम वाळत घातला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वच्छलाचं जुनं पातळ पसरलं. ग्यानबा दुपारभर खुर्ची टाकून राखण करत बसला. कोंबडी आली, हाकलली. शेळी आली, हाकलली. जगदेव आला, त्यालाही हाकलला. संध्याकाळी पुंजाजी पागोटं बांधून बाहेर आले. "चला जवाई, शिलंगणाले. मोठा जवाई घरी बसला तं गाव काय म्हनन?"

"पत्ते?"

"कस्तुरा हाये ना. थे गोळा करून ठेवते."

ग्यानबा गेला. जगदेवही बरोबर होता, म्हणून निर्धास्त गेला. शिवेबाहेर जाऊन मंडळींनी आपट्याची पूजा केली, पानं घेतली आणि मारुतीच्या पारावर सोनं वाटणं, गळाभेटी सुरू झाल्या. अंधार पडायच्या आत परतायला लागले, तर वेशीजवळ सामोरे आले दौलतराव. गावातले मोठे शेतकरी, भारदस्त माणूस. त्यांनी ग्यानबाला कडकडून मिठी मारली.

"सोनं घ्या, जवाई! तुमच्याच घरचं हाये, पण एक माह्या हातून राहू द्या!" आणि त्यांनी आपट्याच्या दोन पानांबरोबर ग्यानबाच्या तळहातावर एक पुठ्ठ्याचा पत्ता ठेवला. भोकं असलेला, हळदी-कुंकू लावलेला.

ग्यानबा पत्त्याकडं बघतच राहिला. मग दौलतरावांच्या पागोट्याकडं बघितलं. तिथं आणखी दोन खोवलेले होते.

"हे... हे कुठी भेटलं तुमाले?"

"तुमच्याच ओसरीवर! कस्तुराबाई वाटून राह्यल्या. म्हने, नागपूरच्या कॉम्पुटरमधला पाऊस हाये. गर्दी पाहा जाऊन!"

ग्यानबा धोतर सावरत पळत सुटला. मागून जगदेव "दादा, दमानं!" म्हणत पळाला. ओसरीवर पोचले तेव्हा गर्दी पांगली होती. दारात सूप घेऊन कस्तुरा उभी होती, सुपात आपट्याची पानं आणि तळाशी मूठभर पत्ते. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"अवो, काय सांगू तुमाले! वच्छला लोकाईले नागपूरचे पेढे देऊन राह्यली होती. मी म्हनलं, पेढे काय, कोनीबी देते. मंग मी पत्ते वाटले. पेढ्याकडं कोनी पाह्यलंच नाई!"

ग्यानबानं सुपात हात घालून उरलेले पत्ते मोजले. बायकोला काय बोलणार? काल झाकण उघडलं ते त्यानंच.

"आता?" त्यानं कोणालाच उद्देशून विचारलं.

"आता काय," जगदेव म्हणाला, "घरोघर जाऊ. चला, मी येतो संगं."

"तू नको येऊ," असं म्हणायला ग्यानबानं तोंड उघडलं होतं, पण गाव मोठं आणि पत्ते पाचशे. शेवटी दोन्ही साडू पिशवी घेऊन निघाले.

पहिलंच घर दुर्गाबाईंचं. त्यांनी पत्ता नातवाच्या पाळण्याला बांधला होता. "परत?" त्या म्हणाल्या. "देल्लेलं सोनं परत मांगते का कोनी? अपशकुन होते, बापा."

"आजी, थो पोग्राम हाये. त्याच्याबिगर मशीन चालत नाई."

"मशीन नाई चाललं तं माणूस मरते का? अन् हे पाहा, तवापासून पोट्टं रडलं नाई."

बराच वाद झाला. शेवटी तोड निघाली. ग्यानबानं पत्त्याच्या बदल्यात आपट्याची पानं द्यायची, गळाभेट घ्यायची आणि गावचा जावई म्हणून चहा घेतल्याबिगर उठायचं नाही. हीच अट मग घरोघर आपोआप पोचली. रिकाम्या तोंडी जावयाला पाठवणारं घर रिठदमध्ये नव्हतं. कुठं चहा, कुठं चिवडा, कुठं पुरणपोळी, आणि प्रत्येक ठिकाणी आधी खाणं, मग पत्ता. जगदेव जिथं तिथं हसत बोलायचा, घरच्यांना मुंबईच्या गोष्टी सांगायचा, आणि बाया त्याला दुसरी पोळी वाढायच्या. ग्यानबाचं पोट फुगलं आणि त्यात हेव्याला जागा उरली नाही, असं म्हणता आलं असतं. पण ती उरली होती.

पत्ते तरी कुठं कुठं गेले होते! चंपाबाईंनी कणगीच्या तळाशी ठेवला होता, म्हणून आधी ज्वारी उपसावी लागली. दौलतरावांनी घरी नेलेल्यांपैकी एक विहिरीत सोडला होता, पाणी आटू नये म्हणून. एकानं तर वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरला. "उकरतो म्हनता? मंग माह्या वावरात पाऊस पडला नाई तं तुमी भरून देसान?" ग्यानबानं तो पत्ता सोडून दिला.

दुसरा दिवस मावळला, तेव्हा शेवटी राहिला गुलाबसिंग. हा मुक्कामी मोटारीचा कंडक्टर. रोज संध्याकाळी रिसोडहून गाडी आणायचा, रात्री इथंच राहायचा आणि सकाळी पहिल्या फेरीला वाशीम गाठायचा. पारावर बसून तो पत्ता उलटसुलट करून बघत होता.

"आओ जवाई," तो म्हणाला. "तुमचं सोनं मले बी भेटलं. माह्याच धंद्यातलं निघालं की हो! आमच्या तिकिटाले जसं भोक, तसंच हे."

"हाव, पण थे परत पाह्यजे होतं."

"घ्या ना. पण भोकं लय कमी वाटले मले. इतक्या लंब्या प्रवासाले एवढ्या भोकाईत कसं भागन? म्हनून मी चार मारून देल्ले," असं म्हणत त्यानं खिशातला तिकिटाचा चिमटा काढून अभिमानानं टकटक वाजवला.

ग्यानबाला वाटलं, आपण इथंच रडावं. नागपुरात त्या भोकांसाठी त्यानं आठ दिवस डोळे फोडले होते. आणि हा बाबा म्हणतो, कमी वाटले!

सकाळी त्याच मोटारीनं सगळे निघाले. ग्यानबानं खोका मांडीवर घेऊन झाकण उघडलं. पत्त्यांना हळदीचा आणि तुपाचा वास येत होता, एकाच्या कडा विहिरीच्या पाण्यानं फुगल्या होत्या. पेन्सिलीची रेघ जागोजाग तुटली होती. वीसेक पत्ते आलेच नव्हते. मशीन पहिल्याच पत्त्याला अडून बसणार, साहेब हसणार, आणि जगदेव हेड होणार. पुढच्या दसऱ्याला सासूबाई तुपाची वाटी घेऊन कुणाच्या मागं फिरणार, ते सांगायची गरज नव्हती.

"दादा," शेजारी बसलेला जगदेव हळूच म्हणाला, "एक सांगू का? रागावसान नाई ना?"

"आता कायचा राग!"

"तुमचा पोग्राम हाये माह्याकडं."

ग्यानबानं मान वळवली. "म्हंजे?"

"श्रावणात एक दिवस तुमी जेवायले गेले होते. मी तुमची थप्पी मशीनले वाचायले देल्ली अन् पुरी नव्या मशीनच्या तबकडीवर उतरवून घेतली. जशीच्या तशी. थप्पी परत तुमच्या कपाटात ठेवली."

"चोरला?" ग्यानबा ओरडला. पुढच्या बाकावरचे वळून बघायला लागले. "माहा पोग्राम चोरला?"

"चोरला नाई. वाचायले घेतला." जगदेवानं मान खाली घातली. "खरं सांगतो दादा, मले तुमच्यासारखं लिहिता येत नाई. औजारं नवे हायेत माह्याजवळ, पण लिहिलेलं कच्चं असते. तुमचं पाहून माह्या पोटात दुखते. म्हनलं, हा माणूस लिहिते कसं, थे पाहावं."

आता ग्यानबाची मोठी पंचाईत झाली. रागवावं, तर कौतुक ऐकून अंगावर मूठभर मांस चढलेलं. खूश व्हावं, तर चोर शेजारी बसलेला. शेवटी त्यानं खोक्याचं झाकण लावलं आणि इतकंच म्हणाला, "काय काय आवडलं तुले त्याच्यातलं?" वाशीम येईपर्यंत जगदेव सांगत राहिला आणि ग्यानबा ऐकत राहिला. मधेच गुलाबसिंगनं येऊन दोघांच्या तिकिटाला भोक पाडलं, तेव्हासुद्धा ग्यानबाला राग आला नाही.

नागपूरला व्हायचं तेच झालं. ग्यानबानं आधी आपली थप्पी मशीनच्या तोंडात दिली. मशीननं गुलाबसिंगचा पत्ता घशात अडकवला आणि हळदीनं चिकटलेले चाळीस पत्ते एकदम ओढून बंदच पडलं. मिस्त्रीला बोलावून आतलं कुंकू खरवडून काढावं लागलं. मग जगदेव पडद्यापुढं बसला. दहा बोटं चालवली आणि ग्यानबाचा पोग्राम अख्खा पडद्यावर आला. त्यातल्या दोन चुका, ज्या जुनं मशीन खपवून घेत होतं आणि ग्यानबाला दोन वर्षांत सापडल्या नव्हत्या, नव्या दुभाष्यानं एका दमात दाखवल्या, जगदेवानं तिथंच सुधारल्या, आणि पावसाचा तक्ता खडाखड छापून बाहेर आला.

साहेब खूश झाले. पण कोबोलात पोग्रामच्या सुरुवातीलाच लिहिणाऱ्याचं नाव घालायची रीत असते. जगदेवानं ते पुसलं नव्हतं. पडद्यावर पहिल्याच काही ओळींत ग्यानबाचं नाव लकाकत होतं.

"म्हणजे पोग्राम यांचा आणि औजार तुमचं?" साहेबांनी चष्मा वर केला. "मग ग्यानबा, तुमचं काय म्हणणं आहे? घ्यायची का नवी औजारं?"

ग्यानबानं पडद्यावरच्या आपल्या नावाकडं बघितलं. पत्त्यावर ते इतकं चांगलं कधी दिसलं नव्हतं. "घ्यायची, साहेब," तो म्हणाला. "मी तर केव्हाचा म्हणतोय."

कपाटात पडलेले सगळे जुने पोग्राम नव्या मशीनवर चढवायचे तर ते ज्याला तोंडपाठ आहेत तोच माणूस हवा, म्हणून हेड झाला ग्यानबा. त्याला खिडकीजवळचं टेबल आणि स्वतःचा पडदा मिळाला, आणि मागच्या रांगेत जगदेव. रिकामी झालेली पत्त्यांची कपाटं रद्दीत काढायचं काम त्यानं मुद्दाम जगदेवाकडं दिलं. ते वर्ष ग्यानबाला कोणाचाच हेवा वाटला नाही. कस्तुराला तर नवरा आजारी आहे का, अशी शंका येऊ लागली.

पुढच्या खंडेनवमीला तो सासुरवाडीला निघाला तो रिकाम्या हातानं, ऐटीत. त्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं. सोजरबाई औजार विचारतील, आपण दोन्ही हात पुढं करायचे आणि सावकाश म्हणायचं, "मामी, आता हे दहा बोटंच."

तसंच झालं. हात पुढं केले, वाक्य म्हटलं. सोजरबाईंनी घाईघाईनं दहा बोटांना ओलं कुंकू फासलं आणि "बसा हं," म्हणत ताट घेऊन बाहेर पळाल्या. दुर्गाबाई नाहीत, चंपाबाई नाहीत, ओसरी रिकामी. बाहेर मात्र कसला तरी गलका चालला होता.

ग्यानबा बोटं हवेत धरून दारात आला. अंगणात रांग लागली होती, थेट पारापर्यंत. गेल्या दसऱ्यानंतर पाऊस असा पडला होता की दौलतरावांची विहीर काठोकाठ भरली होती आणि धुऱ्यावर पत्ता पुरणाऱ्याच्या कणगीत ज्वारी मावत नव्हती. रांगेच्या तोंडाशी बाजेवर जगदेव बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रद्दीतल्या पत्त्यांनी भरलेली दोन पोती. काही पत्ते कोरेच होते, पण भोकांशिवाय पत्ता घ्यायला कोणी तयार नव्हतं. म्हणून शेजारी गुलाबसिंग बसला होता आणि चिमट्यानं टकाटक भोकं पाडून देत होता. सोजरबाई प्रत्येक पत्त्याला कुंकू लावत होत्या. त्यांनी तुपाची वाटी जगदेवाच्या मांडीजवळ ठेवली होती.

"दादा," जगदेव तिथूनच ओरडला, "तुमच्या हुकुमानं रद्दी काढली. म्हनलं, गावाच्या कामी येईन!"

ग्यानबा तरातरा पुढं आला आणि पोत्यात हात घालणार, तोच सोजरबाई ओरडल्या, "अवो मोठे जवाई, हात नका लावू! बोटं ओले हायेत तुमचे, पत्ते खराब होतीन!"

तेवढ्यात रांगेतून कस्तुरा बाहेर आली. पदराखाली तिनं काहीतरी जपून धरलं होतं.

"मी बी घेतला एक," ती म्हणाली. "लहाने जवाई म्हनले, तुमाले बी देतो म्हून. पण लोक पाहून राह्यले ना, तवा रांगेत या म्हने."

ग्यानबानं रांगेकडं बघितलं. मग जगदेवाकडं, मग तुपाच्या वाटीकडं. आणि कुंकू लावलेली दहा बोटं हवेत तशीच धरून तो पाराच्या दिशेनं, रांगेच्या शेवटाला चालू लागला.